दातांना तार लावण्याची गरज नेमकी कोणाला? बारा वर्षांच्या मुलीबद्दल सल्ला हवा आहे

विजापूर_रोडची_आई
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत दंततपासणीचे शिबिर झाले आणि घरी एक चिठ्ठी आली. तीत "चाव्यात दोष, ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावे" एवढेच लिहिले होते. चावा म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, आणि ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दात सरळ करणारे तज्ज्ञ, एवढे विचारल्यावर कळले. मुलगी बारा वर्षांची असून सातवीत शिकते. तिचे वरचे पुढचे दात थोडे बाहेर आहेत, ओठ सहज मिटत नाहीत आणि खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसतो, हे आम्हालाही दिसत होते; परंतु तीच चिठ्ठी वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांना मिळाल्याचे कळले, तेव्हा मी गोंधळले. निम्म्या मुलांचे दात वाकडे ठरत असतील, तर सरळ कशाला म्हणायचे?

त्यानंतर दोन ठिकाणी दाखवले. पहिल्या दवाखान्यात पाच मिनिटे तोंड पाहून "लगेच क्लिप लावू, चार दात काढावे लागतील" असे सांगितले. दुसरीकडे "सगळे दात येऊ द्या, चौदा वर्षांची झाली की या" असा सल्ला मिळाला. एक्स-रे कोणीच काढला नाही. घरी सासूबाईंचे म्हणणे असे की वरचे दात काढले तर नजर कमी होते, आणि सुळ्याजवळ जो दातावर दात आला आहे तो तर भाग्याचा असतो. यजमानांच्या मते ही सगळी मोबाइलमधले चेहरे पाहून आलेली हौस आहे. मुलगी मात्र फोटो काढताना तोंडावर हात धरते. खर्च थोडा नाही, म्हणून घाईने निर्णय घ्यायचा नाही आणि उशीर करून नुकसानही करायचे नाही, अशा कात्रीत आम्ही सापडलो आहोत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

दाढवाले_काका
ताई, मी एकतीस वर्षे इथे सोलापुरातच दंतवैद्य म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. मी ऑर्थोडॉन्टिस्ट नाही, त्यामुळे मुलीला न पाहता निदान करणार नाही. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, कारण तो प्रश्न अत्यंत योग्य आहे.

चाव्याचे वर्गीकरण आजही ज्या पद्धतीने होते, ती एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये मांडली. वयाच्या सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ त्याने खुंटी मानली. वरच्या दाढेचा पुढचा, गालाकडचा उंचवटा खालच्या दाढेच्या बाहेरील खाचेत बसला, तर दाढांचे नाते बरोबर. खालची दाढ त्यामानाने मागे असेल तर दुसरा वर्ग. पुढे असेल तर तिसरा. गंमत अशी, की दाढा बरोबर असूनही पुढच्या दातांची गर्दी असेल, एखादा दात फिरलेला असेल किंवा फट असेल, तर तोही दोषच मोजला जातो आणि तो पहिल्या वर्गात जातो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कायमच्या दातांच्या वयात पहिल्या वर्गाचे प्रमाण सुमारे ७५ टक्के, दुसऱ्याचे सुमारे २० आणि तिसऱ्याचे सुमारे ६ टक्के आढळले.

आता "निम्मी मुले" या आकड्याकडे वळू. मुले आणि किशोरांवरील अशाच एका जागतिक आढाव्यात, तो २०२० चा, चाव्यातील दोषाचे सरासरी प्रमाण ५६ टक्के आणि आशियात ४८ टक्के निघाले. म्हणजे तुमच्या शाळेतल्या चिठ्ठ्या जगापेक्षा वेगळ्या नाहीत. पण त्याच ५६ टक्क्यांच्या सरासरीभोवती सांख्यिकीय मर्यादा ११ ते ९९ टक्के अशी दिलेली आहे, म्हणजे खरी सरासरी त्यांमध्ये कुठेही असू शकते! भारतातल्या अभ्यासांचे आकडेही साधारणपणे २० ते ४३ टक्के असे पसरलेले सांगितले जातात. एकाच देशातल्या मुलांच्या जबड्यांत इतका फरक असणे शक्य नाही. फरक बहुतांशी मोजपट्टीत असतो. एक तपासनीस किंचित फिरलेला दातही नोंदवतो, दुसरा फक्त खरोखर त्रास देणारा चावा नोंदवतो. म्हणून दोष किती मुलांत आहे यापेक्षा उपचाराची गरज किती मुलांना आहे, हा प्रश्न विचारावा लागतो. त्यासाठी ब्रूक आणि शॉ या इंग्लंडमधील दोघांनी १९८९ मध्ये पाच पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. पहिल्या दोन पायऱ्यांवर उपचाराची गरज नाही किंवा किरकोळ आहे, तिसरी सीमारेषेवरची, आणि चौथी व पाचवी म्हणजे स्पष्ट गरज. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना सरकारी खर्चाने तार लावायची की नाही, हे याच पट्टीवर ठरते.

तुम्ही घरीच एक गोष्ट करून पाहा. मुलीला मागच्या दाढा नेहमीप्रमाणे मिटायला सांगा. मग कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी आडवी धरून खालच्या पुढच्या दाताच्या बाहेरील बाजूपासून वरच्या दाताच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. दोन ते तीन मिलिमीटर हे सर्वसाधारण आहे. सहापेक्षा जास्त असेल तर ती चौथी पायरी, नऊपेक्षा जास्त असेल तर पाचवी. पट्टीचे शून्य कडेपासून सुरू होते की थोडे आत, तेवढे पाहा. माझ्या बहुतेक पेशंटांची तिथेच चूक होत असे.

मालदांडी
काकांचा मान राखून एक वेगळे मत मांडतो. आमच्या मंगळवेढ्याकडच्या आजोबांच्या पिढीला कोणी तारा लावल्या नाहीत आणि त्यांचे दात मोत्यासारखे होते. याचे कारण साधे आहे. ती माणसे ज्वारीची कडक भाकरी दाताने मोडून खात, ऊस सोलून खात, कच्च्या शेंगा फोडत. आताची मुले पाव, बिस्किटे आणि नूडल्स यांवर वाढतात, मग जबडा वाढणार कसा? जबडा लहान राहिला की दात एकमेकांवर चढणारच. मुलांना कडक भाकरी द्या. हजारो रुपये वाचतील.

दाढवाले_काका
मालदांडी, तुमच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, म्हणून ते सहज उडवून लावत नाही. कॉरुचिनी या मानववंशशास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर उत्तर भारतात ग्रामीण आणि शहरी तरुणांचे दात तपासले होते. तो अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या मांडणीचा रोख तुमच्यासारखाच होता: अन्न मऊ झाले की चघळण्याचे काम कमी होते आणि चाव्यातले दोष वाढतात. त्याआधी १९५४ मध्ये रेमंड बेग या ऑस्ट्रेलियन ऑर्थोडॉन्टिस्टने तिथल्या आदिवासींच्या दातांचा अभ्यास करून आणखी एक गोष्ट दाखवली. भरड, खर असलेल्या अन्नाने त्यांचे दात फक्त वरून झिजत नसत, तर शेजारच्या दाताला घासून बाजूनेही झिजत. प्रत्येक दात किंचित अरुंद झाला की सगळ्या ओळीत जागा निर्माण होई. आपल्याकडे दगडी जात्यावरच्या पिठात जी कचकच येत असे, तिनेही दात झिजत असणार, असा माझा आपला तर्क आहे.

परंतु त्यावरून तीन गोष्टी सिद्ध होत नाहीत. एक, जबड्याचा आकार आणि ठेवण यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. विशेषतः खालचा जबडा पुढे असण्याची ठेवण घराण्यांत उतरत जाते. दुसरे, तुमच्या आजोबांचे दात तुम्ही पाहिलेत तेव्हा त्यांतले किती शिल्लक होते आणि किती आधीच पडले होते, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बारा वर्षांच्या मुलीच्या वरच्या दातांना पुढे ढकलणारा खालचा ओठ भाकरीने मागे येत नाही. कडक भाकरी जरूर खावी, मीही खातो. पण औषध म्हणून तिची शिफारस करता येत नाही.

विजापूर_रोडची_आई
काका, पट्टीने तीन वेळा मोजले. दोनदा सात आणि एकदा साडेसात मिलिमीटर आले. यजमान शेजारी उभे राहून पाहत होते. आता "हौस" हा शब्द त्यांनी मागे घेतला आहे.

शाळेतली_बाई
मी मोहोळ तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. या चर्चेत मोठ्या मुलांचा विषय चालू आहे, पण गडबड आमच्या वर्गांत, पहिली ते चौथीत सुरू होते, असे माझे निरीक्षण आहे, म्हणून लिहिते.

"दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत" हे वाक्य मी पालकसभेत किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही. दुधाची दाढ किडली, ठणकली, की ती काढून टाकतात आणि विषय संपतो. एका दंतवैद्यांनी आम्हाला शिबिरात समजावून सांगितले होते, की दुधाची दाढ ही खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून बसलेली असते. ती वेळेआधी गेली की मागची सहाव्या वर्षी आलेली दाढ पुढे सरकते, जागा खाते, आणि नंतर येणारा दात एकतर आत अडकतो किंवा ओळीबाहेर उगवतो. बसमधल्या सीटवर टाकलेला रुमाल कोणी उचलला की सीट जाते, तसे हे आहे. तिथे जागा राखणारी एक साधी तारेची कडी बसवता येते, आणि तिचा खर्च नंतरच्या उपचाराच्या तुलनेत नगण्य असतो. दुसरी अडचण अशी, की सहाव्या वर्षी येणारी ही दाढ कोणताही दुधाचा दात न पडता सर्वांत मागे गुपचूप येते; त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि किडू देतात. काकांनी जिला खुंटी म्हटले, तीच ही दाढ.

आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू आणि किडलेले दात यांची नोंद होते व पुढे पाठवले जाते, ही मोठीच सोय आहे. मात्र वाकड्या चाव्यासाठी त्यात रकाना नाही. त्यामुळे अंगठा चोखणारी, कायम तोंड उघडे ठेवून श्वास घेणारी मुले आम्हा शिक्षकांना दिसतात, पण ती कोणत्याच कागदावर येत नाहीत. चार वर्षांपर्यंत अंगठा चोखल्याने सहसा कायमचे नुकसान होत नाही. कायमचे पुढचे दात येण्याच्या वयातही ती सवय टिकली तर वरचे दात पुढे येतात आणि समोर फट राहते. माझ्या वर्गातल्या अशा एका मुलाला घरचे बोटाला कडुनिंबाचा पाला चोळत आणि वर मारतही. त्याला मारण्याऐवजी हाताला काम दिले, तर सवय लवकर सुटली.

हुरडा_पार्टी
बाई, याच वयाबद्दल विचारायचे होते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. वरच्या दोन मोठ्या दातांमध्ये चांगली फट असून दोन्ही दात पंख्यासारखे बाहेरच्या बाजूला झुकले आहेत. नातेवाईक रोज विचारतात.

दाढवाले_काका
बहुधा काळजीचे कारण नाही. या अवस्थेचे वर्णन ब्रॉडबेंट यांनी १९३७ मध्ये केले आणि तिला "कुरूप बदकपिलाची अवस्था" असे नाव पडले. आठ ते अकरा या वयात वरचे सुळे हाडात उतरत असताना पुढच्या दातांच्या मुळांवर दाब देतात, त्यामुळे दातांची टोके फाकतात. सुळे अकरा-बारा वर्षांच्या सुमारास खाली आले की फट बहुधा आपोआप मिटते. या वयात फट बंद करण्याची घाई केली तर उलट मुळे सुळ्याच्या वाटेत येऊ शकतात. मात्र दहाव्या वर्षी दंतवैद्याकडून एवढे तपासून घ्या, की वरचे सुळे हिरडीवर बोटाला फुगवट्यासारखे लागतात का. सुमारे दोन टक्के लोकांत वरचा सुळा आतच अडकतो. वेळीच लक्षात आले तर कित्येकदा दुधाचा सुळा काढण्यानेच तो वाटेवर येतो. नातेवाइकांसाठी मात्र माझ्याकडे उपाय नाही.

रिटेनर_हरवलेला
मी चोवीस वर्षांचा आहे आणि या धाग्याचा जिवंत इशारा आहे. नववीत असताना मला तार लागली, दोन वर्षे चालली, दात अप्रतिम झाले. तार काढल्यावर रिटेनर नावाची काढ-घाल करण्याची प्लेट दिली आणि आधी दिवसरात्र, मग रोज रात्री वापरायला सांगितली. पुण्यात शिकायला गेल्यावर मेसमध्ये जेवताना ती टिश्यू पेपरात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली, आणि ताटाबरोबर गेली. "आता दात सरळ झालेतच" म्हणून नवी केली नाही. आज माझे खालचे पुढचे चार दात जवळजवळ पूर्वीच्याच गर्दीत आहेत. वडिलांनी त्या वेळी हप्त्याने भरलेले बत्तीस हजार रुपये मला अजून ऐकवले जातात.

दाढवाले_काका
यामागचे कारण सर्वांनी समजून घ्यावे, कारण अर्धे उपचार इथे वाया जातात. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून कमी जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेने हलका, सतत दाब दिला की पेशी दाबाच्या बाजूचे हाड विरघळवतात आणि ताणाच्या बाजूला नवे हाड बसते; अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर जास्त लावला तर दात लवकर सरकत नाही, उलट पडद्यातला रक्तपुरवठा दबून काम अडते आणि मुळे झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून "जरा घट्ट करा डॉक्टर, लवकर संपवा" ही विनंती करू नये. दात नव्या जागी गेला, तरी हिरडीतले तंतू जुन्या जागेची ओढ वर्षभर किंवा त्याहूनही जास्त सोडत नाहीत. म्हणून रिटेनर हा उपचाराचाच उत्तरार्ध आहे. चार्ल्स हॉले यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सुचवलेली प्लेट आजही वापरात आहे. हरवण्याची सवय असेल तर दातांच्या आतून कायमची बारीक तार चिकटवून घेता येते. अक्कलदाढेमुळे पुढचे दात वाकडे झाले, अशी समजूत आहे. अभ्यासांनी ती टिकलेली नाही.

टॉवेल_कारखाना
मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नोकरी करतो. मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि त्याचे दोन दात दुसऱ्या ओळीत उगवले आहेत. गरज आहे हे कळते, पण एकरकमी पैसे देण्याची ऐपत नाही. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका दवाखान्यात तार लावून घेतली. नाव लिहीत नाही. तिथे महिन्यातून एकदा बाहेरगावचे ऑर्थोडॉन्टिस्ट येत. चार महिन्यांनी ते येईनासे झाले, नंतर दवाखान्यातला मुलगाच रबर बदलू लागला. सहा महिने काहीच हलले नाही. तिथले एक्स-रे आणि दातांचे साचे मागितले, तर "सापडत नाहीत" म्हणाले. आता मोबाइलवर पारदर्शक प्लेटच्या जाहिराती येतात, घरबसल्या साचा पाठवा म्हणतात. ते स्वस्त पडेल का?

दाढवाले_काका
साहेब, तुमच्यासारख्या तक्रारी मी बऱ्याच ऐकल्या आहेत, आणि त्यात रुग्णाचा दोष नसतो. तार लावण्यापूर्वी चार गोष्टी विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. उपचार करणारी व्यक्ती ऑर्थोडॉन्टिक्स या विषयात तीन वर्षांचा एमडीएस हा पदव्युत्तर अभ्यासक्रम केलेली आहे का, ती दर महिन्याला स्वतः येणार का, ती न आल्यास कोण जबाबदार, आणि एक्स-रे व फोटोंची प्रत मला मिळेल का. हे विचारल्यावर जो रागावतो, त्याच्याकडे जाऊ नये.

पैशांच्या बाबतीत, पुणे, सांगली आणि लातूर येथे दंत महाविद्यालये आहेत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खासगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. परंतु दीड-दोन वर्षे दर महिन्याचा प्रवास आणि बुडालेला रोज यांचा हिशेब आधी मांडा. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत येता येते, पण मुलाची शाळा आणि तुमची पाळी दोन्ही बुडतात. इथलाच चांगला तज्ज्ञ हप्ते बांधून देत असेल, तर काही वेळा तोच स्वस्त पडतो. धातूची साधी तार ही कमी प्रतीची नाही, हेही लक्षात ठेवा. ती सर्वांत स्वस्त आहे आणि अवघड दात हलवण्यात अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

पारदर्शक प्लेट १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आल्या आणि योग्य निदानानंतर त्या चांगले काम करतात. मात्र दिवसातले वीस-बावीस तास वापराव्या लागतात, आणि तेरा वर्षांचा मुलगा तेवढे पाळेल का, हे तुम्हीच ओळखा. एक्स-रे न काढता, हिरडी न तपासता टपालाने येणाऱ्या प्लेट घेऊ नका. अमेरिकेत असा व्यवसाय करणारी स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अनेकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. तिथे किमान कंपनीचे नाव तरी सर्वांना ठाऊक होते.

विजापूर_रोडची_आई
काका, माझे दोन प्रश्न राहिले आहेत: थांबावे की नाही, आणि दात काढल्याने नजर खरोखर कमी होते का?

दाढवाले_काका
नजरेचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. दृष्टीची नस मेंदूतून निघणारी दुसरी नस आहे. वरच्या दातांची संवेदना पाचव्या नसेच्या एका फाट्यातून जाते. दोन्ही वेगळ्या आहेत, म्हणून सासूबाईंना निर्धास्त राहायला सांगा. दात काढावेत की नाही हा वाद मात्र दंतवैद्यांतही शंभर वर्षे चालला आहे. अँगलचा दात काढण्याला ठाम विरोध होता. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने, न काढता सरळ केलेले दात पुन्हा बिघडलेले पाहून, १९३० च्या दशकात गुरूच्या मताविरुद्ध दात काढून तेच रुग्ण पुन्हा दुरुस्त केले. आज दोन्ही टोके मागे पडली आहेत. जागा किती हवी, ओठ किती पुढे आहेत, हे मोजून ठरवतात. म्हणूनच पाच मिनिटांत, एक्स-रेशिवाय "चार दात" सांगणे मला पटत नाही.

थांबण्याविषयी असे आहे. अंतर सात मिलिमीटर असल्याचे दोनपैकी एक कारण असू शकते: वरचे दात पुढे झुकले असतील, किंवा दात जागेवर असून खालचा जबडाच मागे असेल. हे बाजूने काढलेल्या डोक्याच्या एक्स-रेमध्ये दिसते. जबडा मागे असेल, तर वाढीच्या काळात दोन प्लेटचे साधन वापरून तो पुढे धरून ठेवता येतो. ट्विन ब्लॉक नावाचे हे साधन स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ च्या सुमारास तयार केले. पण ते वाढ चालू असतानाच उपयोगी पडते. मुलींची झपाट्याची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी होते आणि पाळी सुरू झाल्यावर मंदावत जाते. त्यामुळे चौदाव्या वर्षापर्यंत थांबणे मुलाच्या बाबतीत कदाचित चालेल, मुलीच्या बाबतीत ती संधी निघून गेलेली असू शकते. त्याच एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांचा आकारही दिसतो आणि त्यावरून वाढ किती उरली आहे याचा अंदाज बांधतात. वेगळी तपासणी लागत नाही.

आठव्या-नवव्या वर्षीच का आणले नाही, असे मात्र स्वतःला लावून घेऊ नका. लवकर एकदा आणि नंतर पुन्हा, असा दोन टप्प्यांत केलेला उपचार आणि किशोरवयात एकदाच केलेला उपचार यांची तुलना झालेली आहे. शेवटचा निकाल जवळजवळ सारखाच येतो. लवकरच्या उपचाराचा सिद्ध झालेला फायदा एकच: पुढे आलेले दात पडण्या-आपटण्यात तुटण्याचे प्रमाण कमी होते. तुमची मुलगी खो-खो किंवा कबड्डी खेळत असेल, तर तोंडात बसणारे रबरी कवच घ्या.

हुरडा_पार्टी
उपचार सुरू झाला तर खाण्याचे काय होते, ते मोठ्या मुलीच्या अनुभवावरून सांगते, कारण दवाखान्यात मिळालेल्या छापील कागदावर पॉपकॉर्न आणि सफरचंद होते, आपले काहीच नव्हते. चिकटवलेली तार असेल तर कडक भाकरी दाताने मोडायची नाही. आमटीत किंवा दुधात कुस्करून खायची. शेंगाचटणी ठिपक्याठिपक्यात, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवलेल्या तुकड्यांत, अडकते, म्हणून ती दह्यात कालवून द्यावी आणि नंतर लगेच ब्रश करावा. कोवळा हुरडा चालतो. त्यासोबतचे भाजके शेंगदाणे नाहीत. ऊस, चिक्की आणि संक्रांतीचा कडक तिळगूळ वर्ज्य. आमच्या मुलीने गड्ड्याच्या जत्रेत शेंगदाण्याची चिक्की खाऊन दोन ठिपके पाडले आणि ते पुन्हा बसवायला महिन्याचे काम मागे गेले. पारदर्शक रबर घेऊ नका, हळदीने दोन दिवसांत पिवळे होतात. आणि दात नीट घासले नाहीत तर तार काढल्यावर ठिपक्यांच्या भोवती पांढरे डाग कायमचे राहतात. हे आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते.

विजापूर_रोडची_आई
तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण पुढचे कळवणे माझे कर्तव्य आहे. चार प्रश्न कागदावर लिहून एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. सगळे एक्स-रे काढले. वरचे दात थोडे झुकलेले आहेत, पण मुख्य कारण खालचा जबडा मागे असणे हेच निघाले, आणि मणक्यांवरून वाढ अजून बाकी आहे असे सांगितले. दात काढण्याचा निर्णय आत्ता घ्यायचा नाही. आधी आठ-नऊ महिने दोन प्लेट, मग दातावरच्या दातासाठी तार. प्लेट जेवतानाही काढायच्या नाहीत. पहिले तीन दिवस तिला "सोलापूर" म्हणताना "शोलापूर" असे ऐकू येत होते, आणि सासूबाई म्हणाल्या, "बरोबरच आहे, इंग्रजांच्या वेळी असेच लिहायचे." आता उच्चार सुधारला आहे. सासूबाईंनी भाग्याच्या दाताचा आग्रह सोडलेला नाही. त्यावर तार लागेपर्यंत अजून वर्ष आहे.

टॉवेल_कारखाना
ताई, त्या डॉक्टर हप्ते घेतात का, एवढे मला निरोपात कळवावे.

दाढवाले_काका
प्लेट लावलेल्या दिवशीचे अंतर डॉक्टरांनी किती मोजले, ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि दर महिन्याच्या भेटीत पुढचा आकडा त्याखाली लिहा. मुलीला स्वतःला लिहू द्या. प्लेट तोंडात असते की दप्तरात, ते मला आणि तुम्हाला त्या आकड्यांवरूनच कळेल.

विजापूर_रोडची_आई
विचारले होते, काका. डॉक्टरांच्या मोजणीत आठ मिलिमीटर निघाले. आमच्या पट्टीचे शून्य थोडे आत होते.